घरोघर नळ आले, पाणी आठ दिवसांनी सुटतं. मग आरओ प्लान्ट बसवायचा का?

प्रश्न : आमचं गाव केज तालुक्यात, वस्ती १८००. जलजीवन मिशनमधून घरोघर नळ आले, पण पाणी आठ दिवसांनी सुटतं. एप्रिल-मेमध्ये टँकर लागतो. पाणी जड आहे, डाळ शिजत नाही, म्हणून ज्यांना परवडतं ते जार घेतात. मागच्या पावसाळ्यात जुलाब-उलट्यांची साथ आली होती. ग्रामपंचायतीनं आरओ प्लान्ट बसवावा असा आता सगळ्यांचा आग्रह आहे. बसवावा का? आणि तोवर घरोघरी बायांनी काय करायचं? (सरपंच, बीड जिल्हा)

उत्तर :

सरपंचताई, आरओचा ठराव सध्या बाजूला ठेवा. कधीच नको असं म्हणत नाही, पण तुम्ही एका दमात तीन वेगवेगळी दुखणी सांगितली आहेत. पाणी जड आहे, पाणी उशिरा येतं आणि पावसाळ्यात साथ आली. आरओ यातल्या फक्त पहिल्यावर चालतो, आणि पहिलं दुखणं तिन्हींत सगळ्यात बिनधोक आहे. ज्यामुळे माणसं सलाइनवर गेली, त्याला आरओनं काही होणार नाही.

जड पाण्याचं आधी उरकून घेऊ. मराठवाड्याचा बहुतेक भाग काळ्या दगडावर, म्हणजे बेसॉल्टवर बसलेला आहे. पावसाचं पाणी मुरमातून झिरपताना कॅल्शियम-मॅग्नेशियम बरोबर घेऊन येतं. साबणाला फेस येत नाही, पातेल्याच्या बुडाला पांढरी खापरी धरते, डाळ शिट्ट्यांवर शिट्ट्या घेते. त्रास खरा आहे, पण हा रोग नव्हे. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आयएस १०५००, लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंतचा कठीणपणा चांगला धरतं आणि दुसरा उद्भव, म्हणजे पाणी घ्यायची दुसरी जागा, नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतं. एकूण विरघळलेले क्षार, ज्याला आता सगळे टीडीएस म्हणतात, त्याचे आकडे ५०० आणि २०००. जारवाला खिशातून पेनासारखं मीटर काढून नळाच्या पाण्यात बुडवतो आणि ‘बघा, आठशे!’ म्हणून घाबरवतो, तेव्हा हे आकडे आठवा. शिवाय त्या मीटरला जंतू दिसत नाहीत. फ्लोराइड आणि नायट्रेट वेगळं काढून दाखवणं त्याला जमत नाही. गटाराचं पाणी मिसळलेलं पण कमी क्षाराचं पाणी त्याच्यासमोर ठेवलं, तर ते त्यालाही पास करेल. मुतखड्याचं खापर आपल्याकडे सर्रास जड पाण्यावर फोडतात. एप्रिलच्या उन्हात दिवसभर रानात राहून दोन तांबे पाण्यावर भागवणं हे त्याहून मोठं कारण असतं.

आता साथीकडे येतो, कारण खरी गोम तिथे आहे. पुढच्या खेपेला नळ सोडायच्या वेळी पाणी सोडणाऱ्या गड्याबरोबर स्वतः फिरा. तो व्हॉल्व्हच्या खड्ड्यावरची फरशी सरकवेल. आत घोटाभर काळं पाणी, त्यात गुटख्याच्या पुड्या आणि प्लॅस्टिक, आणि व्हॉल्व्ह त्यात बुडालेला. त्यानं चावी फिरवली की लाइनीच्या शेवटच्या घरात जाऊन उभ्या राहा. नळातून आधी फुस्स करून हवा येईल, मग पिवळट गढूळ पाणी, आणि थोड्या वेळानं नितळ. ती हवा आत शिरली ती फुटक्या जोडांतून, गळक्या पॅकिंगमधून, गटारातून ओढत नेलेल्या घरजोडणीच्या पाइपातून. आणि जिथून हवा शिरली तिथूनच आठ दिवस गटाराचं पाणीही शिरत होतं. लाइन भरलेली असताना दाब आतून बाहेर असतो. गळती असली तरी पाणी बाहेर जातं, घाण आत येत नाही. लाइन रिकामी झाली की सगळं उलटं. त्यातच कुणी नळाला थेट मोटर जोडली असेल, तर ती शेजाऱ्याच्या वाट्याचं पाणी ओढते आणि गटारही ओढते.

मागच्या वर्षी पहिला पेशंट कुठल्या गल्लीतला होता, हे आशाताईंना विचारा. मी पाहिलेल्या बहुतेक साथी लाइनीच्या शेपटाला सुरू झाल्या आहेत, आणि आपल्या गावांत शेपटाला कुणाची वस्ती असते हे तुम्हाला सांगायला नको. टाकीजवळच्या घरांना पाणी ठीक मिळतं, म्हणून ग्रामसभेत बोलणाऱ्यांना अडचण जाणवत नाही.

अशी लाइन एका रात्रीत बदलता येत नाही. पण क्लोरीन तोवर राखण करतो. त्याचं काम टाकीत संपत नाही. नळातून पाणी बाहेर पडतानाही तो शिल्लक असला पाहिजे, म्हणजे वाटेत शिरलेली घाण तिथल्या तिथे मरते. नळाशी लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन हवा, विषाणूंची भीती असेल तेव्हा ०.५. आणि आरओच्या पाण्यात नेमका हाच नसतो. प्लान्टमधून निघालेलं निर्जंतुक पाणी जारात गेलं, घरी झाकण उघडलं, एखाद्या पोरानं ग्लास धरलेला हात आत घातला, की त्या पाण्याला वाली कुणी नाही. सील नसलेल्या थंड जाराबद्दल मला म्हणूनच अजिबात भरवसा वाटत नाही. त्याला वास येत नाही, गार लागतं, म्हणून लोक शुद्ध समजतात.

ग्रामपंचायतीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर असेलच. माळ्यावरचं पोतं खाली काढून हुंगा. ताजी पावडर कोरडी, भुरभुरीत असते आणि नाकाला झोंबते. तिच्यात साधारण ३३ टक्के क्लोरीन असतो. ढेकळं झालेली, वास उडालेली पावडर म्हणजे नुसता चुना. २० टक्क्यांच्या खाली गेलेली वापरू नये. पत्र्याखाली, उघड्या तोंडाच्या पोत्यात उन्हाळा काढला की ती तिथे पोचायला वेळ लागत नाही. वर्षाचा साठा एकदम घेऊ नका. थोडी थोडी घ्या, झाकणाच्या प्लॅस्टिक ड्रममध्ये, सावलीत ठेवा. आरोग्य विभागाकडून पावडरीचा नमुनाही तपासून मिळतो, हे पुष्कळ गावांना माहीत नसतं.

प्रमाण सोपं आहे : १००० लिटरला ५ ग्रॅम. तुमची टाकी ५०,००० लिटरची असेल तर पाव किलो. पावडर थेट टाकीत किंवा विहिरीत भिरकावू नका. प्लॅस्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात कालवायची, मग बादली भरायची, चुना खाली बसू द्यायचा आणि वरची निवळ टाकी भरत असतानाच ओतायची, म्हणजे ती आपोआप मिसळते. त्यानंतर निदान अर्धा तास, जमलं तर एक तास व्हॉल्व्ह उघडायचा नाही. घाई इथेच होते. वीज आली, टाकी भरली, लोक ओरडतायत, सोड पाणी! तो अर्धा तास पाळला नाही तर पाव किलो पावडर वाया गेली समजा.

मग ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन किती उरलाय ते बघायची चाचणी. नळीत पाणी, त्यात ओटीचे थेंब, आणि पिवळा रंग लगेच, पहिल्या दहा सेकंदांत पट्टीशी जुळवायचा. पाच मिनिटांनी बघितलं तर आकडा फुगलेला दिसतो. तपासलेलं पाणी फेकून द्यायचं आणि हात धुवायचे. ते रसायन पोटात जाण्याचं नाही. मुख्य म्हणजे टेस्ट टाकीखाली करायची नाही, शेवटच्या नळावर करायची. गावच्या पाण्याची देखरेख करणाऱ्या जलसुरक्षकाची वही मागवा. बहुतेक वह्यांत रोज एकच आकडा, एकाच पेननं लिहिलेला असतो, कारण टेस्ट ग्रामपंचायतीसमोरच्या नळावर होते, किंवा होतच नाही. वहीत ‘कुणाच्या घरी’ हा रकाना घाला आणि दर वेळी घर बदला. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, स्वच्छता सर्वेक्षण होऊन गावाला हिरवं, पिवळं किंवा लाल कार्ड मिळतं. तुमचं कोणतं आहे ते बघा. आणि हिरवं असूनही साथ आली असेल, तर सर्वेक्षण कसं झालं हे ग्रामसभेत विचारायला हरकत नाही.

पाण्याला औषधाचा वास येतो अशी तक्रार येईल. येऊ द्या. रात्री माठात भरून ठेवलेल्या पाण्याचा वास सकाळपर्यंत जातो.

दुसरं दुखणं, आठ दिवसांचं अंतर. याचा हिशेब एकदा कागदावर मांडा. जलजीवन मिशनचा निकष माणशी रोज ५५ लिटर. पाच माणसांच्या घराला आठ दिवसांचं पाणी भरून ठेवायचं तर २२०० लिटरची भांडी लागतात. ज्याच्या गच्चीवर सिंटेक्सची टाकी आहे तो भरेल. ज्याच्या दारात दोन ड्रम आणि चार-सहा घागरी आहेत, त्याचे मिळून ५०० लिटर. पाच माणसं, आठ दिवस : माणशी साडेबारा लिटर. टँकरग्रस्त गावाला सरकार माणशी २० लिटर धरतं. म्हणजे योजना पूर्ण झालेल्या, नळ असलेल्या गावातलं गरीब घर टँकरच्या गावापेक्षा कमी पाण्यावर राहतं, आणि कागदावर मात्र ५५ लिटर. कुणाला किती पाणी हे इथे योजना ठरवत नाही, घरातली भांडी ठरवतात.

आणि नळ सुटला की काय होतं तेही तुम्ही पाहता. घरोघरी आधीचं ‘शिळं’ पाणी ओतून दिलं जातं, भांडी घासून ताजं भरतात. अंतर जितकं मोठं तितकी धास्ती मोठी, तितका साठा मोठा, आणि तितकं पाणी मोरीत. भांडी भरल्यावर तोटी नसलेला नळ तसाच वाहतो. म्हणून आठ दिवसांचं अंतर चार दिवसांवर आणायला दुप्पट पाणी लागतं असं समजू नका. तेच पाणी निम्म्या वेळासाठी दोनदा सोडायचं. पहिले पंधरा दिवस बोंब होईल, मग लोकांचा विश्वास बसतो आणि साठवण आपोआप कमी होते. लाइन कमी काळ रिकामी राहते, त्यामुळे घाणही कमी शिरते.

हे अडतं कुठे? एक, तोट्या. सगळ्या नळांना तोट्या बसवणं हे गावातलं सगळ्यात स्वस्त पाणीपुरवठ्याचं काम आहे आणि सगळ्यात जास्त टाळलं जाणारं. दोन, गल्लीवार व्हॉल्व्ह. एकाच वेळी सगळं गाव सोडलं तर उताराची घरं भरून वाहतात आणि चढाच्या घरांना थेंब जात नाही. तीन, वीज. तुमच्या उद्भव विहिरीची मोटर शेतीच्या फिडरवर आहे का गावठाणच्या, हे बघा. शेतीच्या फिडरवर असेल तर वीज पाळीनं, तीही कधी रात्री. गडी झोपलेला, टाकी अर्धी. गावठाण फिडरवर जोडणी घेण्यासाठी महावितरणकडे अर्ज करा, आणि थकबाकी असेल तर आधी ती मिटवा, नाहीतर अर्ज तसाच पडून राहील. डीपी जळाली की पाणी किती दिवस बंद राहतं, याचा अनुभव तुम्हाला माझ्याहून जास्त असेल.

आता घरातल्या बायांचं. चार दिवसांनी पाणी आलं तरी साठवण चुकत नाही, आणि घागरीतला क्लोरीन एक-दोन दिवसांत उडून जातो. पिण्याचं पाणी वापरायच्या पाण्यातून वेगळं काढा. पिणं आणि स्वयंपाक मिळून माणशी सात-आठ लिटर पुरतं. तेवढ्याचीच काळजी घ्यायची आहे, सगळ्या ड्रमांची नाही. गढूळ असेल तर तुरटी फिरवून निवळू द्या, चौपदरी कापडातून गाळा. तुरटीनं गाळ बसतो, जंतू मरत नाहीत, हे मात्र पक्कं लक्षात ठेवा. नंतर क्लोरीन : ६७ मिलिग्रॅमची गोळी २० लिटरला एक, आणि अर्धा तास थांबायचं. आशाताई मेडिक्लोरची (पातळ क्लोरीनची) बाटली देत असतील तर तिच्यावर छापलेलं प्रमाण पाळा. गढूळ पाण्यात गोळी टाकली तर ती गाळातच खर्ची पडते. तान्ह्या बाळाचं आणि आजारी माणसाचं पाणी उकळा, खळखळून उकळी फुटल्यावर मिनिटभर तरी. रांजणाला खाली तोटी असेल तर उत्तम. नसेल तर लांब दांड्याचं वगराळं, भिंतीला टांगलेलं. रांजणावर उपडा ठेवलेला तांब्या मला दिसला की त्या घरात औषध कोणतं वापरता हे विचारायची मला गरज वाटत नाही, कारण तांब्याबरोबर बोटं आत जातात.

ड्रमांचं आणखी एक. डेंग्यूचा डास याच स्वच्छ साठ्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. तुमच्या पाण्याच्या पाळीशी हे गणित अगदी जुळतं. आठवड्यातून एकदा ड्रम नुसता रिकामा करून भागत नाही. अंडी कडेला चिकटलेली असतात, काथ्यानं घासावी लागतात. वर जुन्या लुगड्याचं फडकं ताणून बांधा.

हे सगळं फार साधं वाटतं, आणि म्हणूनच ठरावात येत नाही. पण आपल्या भागातल्या म्हाताऱ्यांना नारू आठवत असेल. पायातून धाग्यासारखा हातभर जंत निघायचा, काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा ओढायचा. पायऱ्यांच्या बारवेत उतरून पाणी भरताना तो पसरायचा. त्याच्यावर ना लस होती ना औषध. पाणी कापडातून गाळणं, बारवेत पाय बुडवू न देणं आणि हापसे, मुख्यतः एवढ्यावर तो गेला. देशातला शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये राजस्थानात सापडला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेनं भारत नारूमुक्त झाल्याचं प्रमाणपत्र दिलं. बारवा आता लोक साफ करतायत, ते छानच आहे. देखण्या आहेत, पाणी मुरवतात. पण त्यातलं उघडं पाणी थेट पिण्याला घेऊ नका.

हापशांवरून आठवलं. तुमच्याकडे दोन-तीन बंद पडलेले असतील. देशभर गेलेल्या इंडिया मार्क टू हातपंपाची वंशावळ आपल्या जालन्याशी जाऊन भिडते; तिथे ख्रिस्ती मिशनच्या लोकांनी बनवलेला ‘जालना पंप’, मग ‘सोलापूर पंप’ आणि त्यातून सत्तरच्या दशकात मार्क टू. वीज गेली, डीपी जळाली तरी तो चालतो. पंचायत समितीकडून दुरुस्त करून घ्या, भोवतीचा ओटा आणि सांडपाण्याची नाली नीट बांधा, कारण फुटक्या ओट्यावरचं धुण्याचं पाणी केसिंगच्या कडेनं खाली उतरतं. आणि प्रत्येक हापशाचं पाणी स्वतंत्र तपासा.

तपासणीशिवाय आरओच्या प्रश्नाला उत्तर नाही, म्हणून तिकडे वळतो. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा जिल्ह्याला आहेत, उपविभागीय पातळीवरही आहेत. रासायनिक तपासणी वर्षातून एकदा आणि जैविक दोनदा व्हायला हवी. रिपोर्टात तीन ओळी आधी शोधा, आकडे लिटरला मिलिग्रॅमचे. फ्लोराइड : १.० पर्यंत चांगलं, १.५ ही कमाल. नायट्रेट : ४५, आणि याला सवलत नाही. टीडीएस : २००० च्या वर आहे का. या तिन्हींपैकी काही ओलांडलं असेल तर उकळून, तुरटीनं, क्लोरीननं काही होत नाही. उकळल्यानं तर पाणी आटून प्रमाण उलट वाढतं. मग आरओचा विचार रास्त आहे.

फ्लोराइडची शंका घ्यायला रिपोर्टाचीही वाट पाहू नका. शाळेत जा, तिसरी-चौथीच्या पोरांना दात दाखवायला सांगा. पुढच्या नव्या दातांवर खडूसारखे पांढरे पट्टे किंवा तपकिरी आडव्या रेघा दिसल्या, आणि त्या गावातच वाढलेल्या बऱ्याच पोरांत दिसल्या, तर दात घासण्याची कुचराई किंवा गुटखा हे कारण नव्हे. ते डाग नंतर निघत नाहीत. वर्षानुवर्षं तेच पाणी प्यायलेल्या म्हाताऱ्यांची मान-कंबर ताठते. नांदेडच्या किनवट, देगलूर, बिलोली पट्ट्यात बेसॉल्ट संपून जुना ग्रॅनाइट वर येतो, तिथे हे जास्त. पण बीड-लातूरकडच्या खोल बोअरमध्येही सापडतं. सहसा बोअर जितका खोल तितकी भीती जास्त, उथळ विहिरीला कमी. म्हणून फ्लोराइड निघालं तर माझा पहिला सल्ला मशीनचा नसतो. पिण्यापुरतं पाणी दुसऱ्या, उथळ उद्भवावरून आणता येतं का, हे आधी पाहायचं. माणशी आठ लिटरनं तुमच्या गावाला दिवसाला १४,४०० लिटर लागेल. तेवढं एखाद्या चांगल्या विहिरीत निघतं.

नायट्रेट वेगळी गोष्ट सांगतं. ते वाढलं असेल तर विहिरीभोवती उकिरडा, संडासाचा खड्डा किंवा युरिया भरभरून घातलेलं रान आहे. तिथे आरओ बसवणं म्हणजे घाण तशीच ठेवून गाळत बसणं. संडास विहिरीपासून निदान १५ मीटर लांब हवा, आणि आपल्या भेगाळ दगडात त्याहून लांब असेल तर बरंच. सांडपाण्यासाठी घरोघर शोषखड्डे केले तर गटारच राहत नाही, आणि गटार नाही तर लाइनीत शिरायला घाणही नाही. हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णीनं ते करून दाखवलं. फक्त विहीर आणि हापशाच्या उशाला शोषखड्डा घेऊ नका.

आरओ बसवलाच तर दोन गोष्टी ठरावात लिहून घ्या. आत घेतलेल्या पाण्याचा मोठा वाटा, कित्येकदा निम्म्याहून जास्त, खारट होऊन बाहेर पडतो. मे महिन्यात टँकरचं पाणी असं ओतणार आहात का, आणि ते खारं पाणी सोडणार कुठे? दुसरं, मेम्ब्रेन, म्हणजे आरओची गाळणारी पातळ जाळी, बदलायचे पैसे कोण आणि कुठल्या खात्यातून देणार? नाणं टाकून पाणी देणारी बंद यंत्रं गावोगावच्या चौकात उभी आहेत, त्यांच्यावर आमदारांचं नाव अजून ठळक आहे. मशीन फुकट मिळतं. मेम्ब्रेन फुकट मिळत नाही.

उद्भवाचं लांबवत नाही, पण सोडूनही चालणार नाही. तुमच्या गावाला ५५ लिटरनं वर्षाला साधारण ३ कोटी ६० लाख लिटर पाणी लागतं. पाटपाण्यावरचा एक एकर ऊस जवळपास एक कोटी लिटर पितो. म्हणजे अख्ख्या गावाचं वर्षाचं पिण्या-वापरण्याचं पाणी म्हणजे चार एकरांपेक्षा कमी ऊस. २००९ च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमात सार्वजनिक पिण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर किंवा बोअर घेण्यावर बंधन आहे. उद्भवाशेजारी रात्री बोअरची गाडी लागते तेव्हा हा कायदा कुणाला आठवत नाही, कारण गाडी कुणाच्या तरी भावकीतली असते. तुम्ही सरपंच आहात, त्यामुळे हे तुमच्याच दारात येणार. उद्भव विहिरीच्या वरच्या अंगाला पाझर तलाव असेल तर त्याचा गाळ काढा. मुरमात मुरलेलं पाणी सहाशे फुटांवरच्या पाण्यापेक्षा भरवशाचं असतं.

आणि केज तालुका म्हणून एक खास. तुमची ऊसतोडीची माणसं दिवाळीच्या सुमारास बाहेर पडतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. विहीर तळाला जाते नेमकी तेव्हा गाव भरतं. टंचाईचा प्रस्ताव करताना फेब्रुवारीची डोकी मोजू नका. टँकर आला तर तो विहिरीत रिकामा करू देऊ नका, टाकीत घ्या. विहिरीत ओतलं की गाळ ढवळतो, निम्मं मुरतं आणि दोरीवरून भांडणं होतात, कधी कुणी आत पडतं. टँकर १०,००० लिटरचा असेल तर भरतानाच ५० ग्रॅम टीसीएलची निवळ घाला, वाटेत हिंदकळून मिसळते. टँकर जिथून भरतो त्या अधिग्रहित (टंचाईत सरकारनं ताब्यात घेतलेल्या) विहिरीचं पाणी तपासलंय का, हे ड्रायव्हरला नाही, तहसीलला विचारा.

डाळ न शिजण्यावर एक स्वस्त उतारा आहे, तेवढा सांगून ठेवतो. ३०० चौरस फुटांच्या पत्र्यावर १०० मिलिमीटर पाऊस पडला की २७००-२८०० लिटर पाणी येतं. सांडलवंड धरूनही सव्वादोन हजार हाती लागतं. पहिल्या एक-दोन पावसांनी पत्रा धुऊन जाऊ द्या, मग पन्हाळीनं झाकलेल्या टाकीत घ्या, औषध टाका. हे पाणी मऊ असतं. पावसाळ्यापुरता जाराचा खर्च यानं वाचतो.

पैशाचं म्हणाल तर पंधराव्या वित्त आयोगात ग्रामपंचायतीच्या अनुदानाचा ६० टक्के हिस्सा बंधित, म्हणजे ठरलेल्या कामांसाठीच, धरला होता, आणि त्यातला अर्धा पिण्याच्या पाण्यासाठी. खात्यात त्यातलं काही शिल्लक आहे का, हे ग्रामसेवकांकडून बघून घ्या. तोट्या, व्हॉल्व्हचे खड्डे उंच बांधणं, गटारातले घरजोडणीचे पाइप बाहेर काढणं, यात आरओइतका खर्च येत नाही.

नमुना घेताना जैविक तपासणीची निर्जंतुक बाटली प्रयोगशाळेकडूनच आणा, बिसलेरीची धुतलेली चालत नाही. बर्फात ठेवून २४ तासांच्या आत पोचवा. एक नमुना विहिरीचा, एक टाकीचा आणि एक शेवटच्या घरातल्या रांजणातला, तिन्ही एकाच दिवशी. विहीर चांगली आणि रांजण खराब निघाला तर वर लिहिलेलं सगळं तुम्हाला लागू आहे. विहिरीतच फ्लोराइड दीडच्या वर आलं तर रिपोर्टाबरोबर बोअर किंवा विहिरीची खोली, गावातल्या दुसऱ्या विहिरींची खोली आणि मेमध्ये त्यांना किती पाणी असतं ते लिहून पाठवा. आरओ, दुसरी विहीर की दोन्हींचं मिश्रण, हे त्यावरून ठरवता येईल.